पाहुण्याचा शब्द
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



सुट्टीत भाड्याने घेतलेल्या घरी यजमानाचे नियम पाळावेत काय? 'पैसे मोजले, मग बंधन कसले?' असे आपलीच माणसे विचारतात. माथेरानचे उदाहरण घ्या. दस्तुरी नाक्यापुढे मोटारींस मज्जाव. सामान बहुधा हमालाच्या डोक्यावरून वा घोड्यावरून येते. अशा डोंगरमाथ्यावर 'पाणी जपून वापरावे' ही पाटी मालकाची लहर खास नव्हे. सांडलेली बादली शेजाऱ्याच्या वाट्याची असते.

यजमानानेही नियम मोजके ठेवावेत व पैसे घेण्यापूर्वी सांगावेत. पाहुणा दारात उतरल्यावर काढलेला नियम हा अन्यायच होय. परंतु आधी कळलेला नियम मान्य करून पैसे दिले, की तो आपला शब्द झाला. शब्द पाळण्याची आपल्या घराण्यांची रीत सुट्टीला जाताना घरी ठेवून जाऊ नये, एवढीच विनंती.