खोक्यात भरलेला खेळ

आज ज्या खेळाबद्दल बोलायचं आहे त्याला पट लागतोच असं नाही. त्यात कोणी जिंकत नाही, कोणी हरत नाही, आणि एकच डाव वर्षभर चालू शकतो. चार-पाच जण गोल करून बसतात. त्यातला एक गोष्ट चालवतो, बाकीचे एकेक पात्र घेतात: एक तलवारबाज, एक मांत्रिक, एक कुलपं उघडण्यात पटाईत चोर. चालवणारा सांगतो, "दिवस मावळलाय, गुहेच्या तोंडाशी दोन पहारेकरी आहेत." चोर म्हणतो, "मी झुडपाआडून सरकत जातो." जमेल की नाही हे कोणालाच ठाऊक नसतं, म्हणून फासा टाकायचा. फाशाने दिलेला कौल चालवणारा गोष्टीत ओवतो आणि पुन्हा विचारतो, "आता काय करता?" या खेळाचं नाव डन्जन्स अँड ड्रॅगन्स, आणि चालवणाऱ्याला म्हणतात डन्जन मास्टर, म्हणजे पोरांच्या तोंडी डीएम. 'स्ट्रेंजर थिंग्ज' मालिका ज्या घरात पाहिली जाते तिथे हा खेळ पहिल्याच भागात येऊन गेलाय.

माझा विषय मात्र खेळापेक्षा त्याचं खोकं हा आहे. हसू नका, पुठ्ठ्याच्याच खोक्याबद्दल बोलतोय. नवशिक्यांसाठी काढलेलं खोकं. त्यात पातळ पुस्तिका, फासे, तयार पात्रांचे कागद आणि एक लिहिलेलं साहस एवढा ऐवज असतो. ते करणं फार कठीण का, ते सांगतो. मेंढीकोट आपण कोणी पुस्तकातून शिकलो नाही. मामाच्या गावी पानं हातात आली, दोन डाव हरलो, खेळ आला. हा खेळही जगभर तसाच पसरला, जाणत्याच्या शेजारी बसून. पण ज्या गावात जाणता कोणीच नाही तिथे काय? तिथे खोक्यालाच मामा व्हावं लागतं.

१९७४ साली अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या गावी गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ प्रथम काढला. तीन पुस्तिका आणि एक खोकं. त्या पुस्तिका लिहिल्या होत्या सैन्यांचे डाव खेळणाऱ्या मुरलेल्या मंडळींसाठी. लढाईचे नियम दुसऱ्याच एका पुस्तकातून घ्या, रानातल्या प्रवासासाठी भलत्याच कंपनीच्या खेळाचा पट आणा, असं त्यात बिनदिक्कत सांगितलं होतं. नव्या माणसाला त्यातून खेळ उभा करणं जवळपास अशक्य होतं. तरी लोकांनी तो उभा केला, ही त्यांची चिकाटी.

मग जॉन एरिक होम्स नावाचे एक गृहस्थ पुढे आले. पेशाने मज्जासंस्थेचे डॉक्टर आणि विद्यापीठात प्राध्यापक. त्या पुस्तिका सोप्या करून लिहायला त्यांनी स्वतःहून तयारी दाखवली, आणि १९७७ साली पहिला 'बेसिक सेट' आला. पात्राच्या फक्त पहिल्या तीन पायऱ्यांपुरता. पुढचं पुढे. हा संयम महत्त्वाचा. त्या खोक्यात चार, सहा, आठ, बारा आणि वीस पृष्ठांचे फासे होते. ते मऊ प्लास्टिकचे, वरचे आकडे नीट दिसायचे नाहीत, पोरं मेणाचा खडू घासून ते भरायची. खोकी इतकी खपली की १९७९ साली फासेच कमी पडले. तेव्हा खेळ काढणाऱ्या कंपनीने खोक्यात आकडे छापलेला कागद घातला. चिठ्ठ्या कापा, पेल्यात टाका आणि एकेक उचला!

या खोक्यांतलं खरं शहाणपण आलं १९८३ साली, फ्रँक मेंट्झर यांच्या लाल खोक्यात. वर लॅरी एल्मोरने रंगवलेला ड्रॅगन, आत दोन पुस्तिका. एक खेळाडूसाठी, 'आधी ही वाचा' अशी, दुसरी डीएमसाठी. पहिल्या पुस्तिकेत सुरुवातीला नियम जवळजवळ नाहीतच, गोष्ट आहे आणि त्या गोष्टीत तुम्ही आहात. तुम्ही एकटेच गुहेत शिरता. वाटेत साप आडवा येतो, चावतो. अंगातली ताकद आकड्यांत किती उरली हे तिथे प्रथम कळतं. विष चढतं का ते फाशावर ठरतं, हेही तिथेच. पुढे अलीना नावाची एक धर्मोपासक मुलगी भेटते. ती प्रार्थना करून तुमची जखम भरते. म्हणजे बरं करण्याची विद्या काय असते ते समजलं. ती बोलकी आहे, तुमच्याशी नीट वागते. आणि थोड्याच वेळात बार्गल नावाचा दुष्ट मांत्रिक तिला ठार करतो.

बारा-तेरा वर्षांच्या पोराला यातून कळतं की इथे माणसं मरतात, आणि आता बार्गलचं काहीतरी केलं पाहिजे. दहा पानं नियम वाचून जे होणार नाही ते एका मरणाने होतं. चाळीस वर्षं उलटली तरी त्या पिढीचे लोक बार्गलला शिव्या घालतात. शिकवण्याच्या धंद्यातल्या माणसाला याहून मोठं प्रशस्तिपत्र मी कल्पू शकत नाही.

नंतरची खोकी भराभर सांगतो. २०११ साली पाथफाइंडर या भावंड-खेळाचं 'बिगिनर बॉक्स' आलं. पुठ्ठ्याची उभी राहणारी पात्रं, पुसता येणारा नकाशा. देखणं काम. मूळ खेळाच्या २०१४ च्या 'स्टार्टर सेट'मध्ये पाच तयार पात्रं, सहा फासे, बत्तीस पानांचे नियम आणि चौसष्ट पानांचं साहस. रस्त्यात दोन मेलेले घोडे, अंगात काळ्या पिसांचे बाण, आणि झाडीत दबा धरून बसलेले चार गॉब्लिन. सुरुवात झकास, पण लढाई अशी बेतलेली की नवशिक्यांची अख्खी टोळी पहिल्याच मुक्कामी गारद होऊ शकते. पुष्कळांची झाली. खोकं करणाऱ्यांनी पहिली लढाई स्वतः नवशिक्या पोरांसमोर पंचवीस वेळा खेळवून पाहिली पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता आपल्याकडे येऊ. फाशाचा खेळ आपल्याला नवा नाही. ज्ञानेश्वरांच्या नावाशी परंपरेने जोडलेला मोक्षपट तुम्ही ऐकून आहात. त्याचे जुने पट वा. ल. मंजूळ यांना रा. चिं. ढेरे यांच्या संग्रहात मिळाले. ढेरे म्हणजे तुळजाभवानीवर ग्रंथ लिहिणारे आपले ढेरे. पण मोक्षपटात खेळाडूला निवड नाही. कवड्या पडतील तसं चढायचं, उतरायचं. मला आपल्या मातीतलं जवळचं काही दिसतं ते गोंधळात.

आपल्या धाराशिव जिल्ह्यात लग्नानंतरचा गोंधळ कोणी पाहिला नाही असं होणार नाही. चौक मांडलेला, दिवटी पेटलेली, संबळ घुमतोय. गोंधळ्यांचा म्होरक्या, म्हणजे नाईक, तुळजापूरच्या, माहूरच्या, कोल्हापूरच्या देवींना नावं घेऊन बोलावतो. मग उत्तररंगात आख्यान सुरू होतं, आणि तिथे साथीदाराकडे लक्ष द्या. तो गप्प बसत नाही. नाईक म्हणतो राजा रानात निघाला, की साथीदार विचारतो, "एकटाच? आणि घोडा?" नाईकाला उत्तर द्यावं लागतं. मधेच साथीदार प्रधान होतो, मधेच राणी होतो, मधेच गावचा इरसाल माणूस होऊन हसवतो. डीएम आणि खेळाडू यांच्यात जे चालतं ते हेच. फरक इतकाच, पण मोठा, की आख्यानाचा शेवट ठरलेला असतो. साथीदाराने कितीही शंका काढल्या तरी हरिश्चंद्र डोंबाघरी जाणारच. या खेळात मात्र साथीदार म्हणाला "मी राजाला जाऊच देत नाही", तर नाईकाला नवी गोष्ट रचावी लागते.

म्हणून सांगतो, आपल्या पोरांना खेळाडू व्हायला शिकवावं लागत नाही. अडतं ते नाईकापाशी. खोकं चांगलं की वाईट हे मी एकाच कसोटीवर ठरवतो: ज्याने आयुष्यात कधी हा खेळ पाहिला नाही अशा एका पोराला ते आज संध्याकाळी नाईक करतं का? २०२५ साली आलेल्या खोक्यात किल्ला, रान आणि गुहा यांच्या वेगवेगळ्या पुस्तिका केल्यात, म्हणजे आळीपाळीने कोणीही डाव चालवावा. हे डोकं चांगलं चाललंय.

आणि नाईक घडतो तो त्याच्या भाषेत. जर्मनीत एका प्रकाशकाला हाच अमेरिकी खेळ जर्मनमध्ये आणायचा होता, सौदा फिसकटला. मग उलरिश कीझोव यांनी स्वतःचा खेळ रचला, 'दास श्वार्त्से आउगे'. १९८४ साली तो खोक्यात आला आणि त्या देशात मूळ अमेरिकी खेळाला भारी पडला. स्वीडनने त्याआधीच, १९८२ साली, आपल्या भाषेत 'द्राकार ओक देमोनेर'चं खोकं काढलं. भारताची गोष्टही डन्जन्स अँड ड्रॅगन्समध्ये पोचली आहे: २०२२ च्या एका साहससंग्रहात मिमी मंडल यांनी बंगालच्या वळणाचा देश लिहिला. तोही इंग्रजीत. मराठी खोकं धाराशिवच्याच काय, पुण्याच्या दुकानातही मिळत नाही.

ते कसं असावं? माझं पहिलं पान तयार आहे, ऐका.

"आषाढ. दोन दिवस पाऊस थांबलेला नाही. नळदुर्गात बोरी नदी बांधावरून ओसंडून वाहतेय; नर आणि मादी, दोन्ही धबधबे सुरू आहेत. तुम्ही चौघं बांधाच्या पोटात, पाणीमहालात अडकलात. खिडकीबाहेर पाण्याचा पडदा आहे, आतली फरशी कोरडी. जिन्यावर पावलं वाजतायत. जो कोणी येतोय त्याच्या हातात दिवटी नाही. काय करता?"

ही जागा मी रचलेली नाही. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ च्या सुमारास, मीर इमादीन याने बांधाच्या आत हा महाल बसवला. वरून नदी कोसळते आणि आतला माणूस भिजत नाही. युरोपातले काल्पनिक किल्ले रंगवून जे साधतात ते इथे तिकीट काढून पाहता येतं. परंड्याचं तसंच, तिथली मुलूखमैदान तोफ विजापूरला कशी नेली असेल यावर चार रविवार निघतील. एक पथ्य मात्र पाळावं. आपल्या दंतकथांतले कुकुर दैत्य किंवा धारासुर खेळात आणा, पण देवीला कोणाच्या हातातलं पात्र करू नका. गोंधळीसुद्धा तिला आवाहन करतात, तिचं सोंग घेऊन चेष्टा करत नाहीत.

फाशांसाठी बाहेर बघायची गरज नाही. सहा कवड्या घाला. तुळजापुरात देवळाच्या वाटेवर माळांनी मिळतात. कवडी दोन्ही अंगांनी सारखीच पडते असं धरलं, तर सहा कवड्यांच्या चौसष्ट शक्यता होतात. त्यांत तीन उताण्या वीस वेळा, सहाही उताण्या एकदाच. नियम एका ओळीत मावतो: तीन किंवा जास्त उताण्या पडल्या की जमलं. म्हणजे चौसष्टात बेचाळीस वेळा यश. काम तुमच्या पात्राच्या हातखंड्याचं असेल तर दोन पुरेत, मग सत्तावन्न. अवघड असेल तर चार हव्यात, मग बावीसच. वीस पृष्ठांच्या फाशात प्रत्येक आकडा सारख्याच हक्काने येतो, त्यामुळे कसलेला योद्धाही घटकेत तोंडघशी पडतो. कवड्या मधल्या आकड्याकडे ओढ घेतात, डाव स्थिर राहतो. खरी कवडी गणितासारखी निःपक्षपाती नसते, हे मान्य. पण त्यावर पोरं भांडतील, शंभर वेळा टाकून वहीत मांडतील, आणि गणिताच्या मास्तरांचं एक काम हलकं होईल.

खोक्यात आणखी काय? चार पात्रांचे चार कागद, नावाची जागा कोरी. चोवीस पानांची एकच पुस्तिका, डावी बाजू नाईकाने वाचायची, उजवीकडे त्याला त्या घटकेला लागेल तेवढाच नियम. संपूर्ण जगाचा इतिहास, राजवंशांच्या याद्या, पन्नास शस्त्रांचे तक्ते यांतलं काही नको. मराठी माणूस प्रस्तावना लिहायला बसला की थांबत नाही, म्हणून प्रस्तावनाही नको.

छापखान्याचा प्रश्न काही जण नक्की विचारतील. हजार प्रती काढाव्यात. लेक जिनिव्हाच्या त्या मंडळींनीही १९७४ साली हजारच काढल्या होत्या, घरी बसून हातांनी खोकी भरली होती, आणि त्या संपायला जवळपास वर्ष लागलं होतं.