जुन्या व्हिडिओ-खेळांचें चित्र : सुधारणा कशास म्हणावें ?

कोणत्याहि कलेचें साधन बदललें, म्हणजे त्या साधनासाठीं घडविलेल्या कृतींचें काय होतें, हा प्रश्न संगीतापुढें आणि चित्रपटापुढें पूर्वींच येऊन गेला आहे. घरगुती व्हिडिओ-खेळांपुढें तो आतां उभा आहे. इ. स. १९८० ते २००० या काळांतील खेळ आजहि आवडीनें खेळले जातात. परंतु ज्या यंत्रांवर आणि ज्या टेलिव्हिजनवर ते खेळावयाचे, तीं दोन्ही बहुतेक घरांतून नाहींशीं झालीं आहेत. आजचा खेळाडू ते ‘एम्युलेटर’च्या साहाय्यानें खेळतो. एम्युलेटर म्हणजे जुन्या यंत्राचें सोंग नव्या संगणकाकडून हुबेहूब वठवून घेणारी आज्ञावली. खेळ तोच, आवाजहि तोच. पण चित्र पाहतांच कित्येकांचा विरस होतो. बालपणीं देखणा वाटलेला नायक आज ठोकळ्यांचा पुतळा दिसतो. मग चित्र सुधारण्याची इच्छा होणें साहजिक आहे. ती पुरविण्याचे मार्ग अनेक आहेत. त्यांतील कोणता केव्हां योग्य, हें ठरविण्यापूर्वीं मूळ चित्र कसें दिसत असे तें समजून घेणें अवश्य आहे.

निंटेंडो कंपनीनें १९८३ सालीं जपानांत फॅमिकॉम हें यंत्र विक्रीस आणलें. त्याचें संपूर्ण चित्र रुंदीला २५६ आणि उंचीला २४० बिंदु एवढेंच असे. आजच्या ‘फोर-के’ पडद्यावर हेच आंकडे ३८४० आणि २१६० असे आहेत. उंचीचा हिशेब केला तर जुन्या एका ओळीच्या वाट्याला आतां ९ ओळी येतात, आणि एक बिंदु म्हणजे ८१ बिंदूंचा कोरीव चौकोन होऊन बसतो. जुन्या टेलिव्हिजनच्या काचेच्या नळींत तसें होत नसे. तेथें इलेक्ट्रॉनांचा झोत काचेच्या आंतील लेपावर ओळीमागून ओळ ओढीत जाई. प्रत्येक ओळीचा प्रकाश थोडा पसरे, दोन ओळींमध्यें अंधुक फट राही, आणि शेजारचे रंग एकमेकांत किंचित् मिसळत. चौकोनाचे कोपरे त्या प्रकाशांत विरून जात.

काचेच्या आणि तारेच्या या गुणाचा चित्रकारांना उपयोगहि होई. सेगा कंपनीच्या मेगा ड्राइव्ह यंत्रावर १९९१ सालीं निघालेला ‘सॉनिक द हेजहॉग’ हा खेळ याचें प्रसिद्ध उदाहरण होय. त्याच्या पहिल्याच प्रदेशांत एक धबधबा आहे. दोन रंग मिसळून अर्धपारदर्शक थर दाखविण्याची सोय यंत्रांत नव्हती; म्हणून पाण्याची एक उभी रेघ, मग एक रेघ मोकळी, अशा रीतीनें तो रंगविलेला आहे. साध्या व्हिडिओ-तारेंतून टेलिव्हिजनपर्यंत जातांना त्या रेघा एकमेकींत मिसळत, आणि मागचा कडा दिसूं देणारें झिरझिरीत पाणी तयार होई. तेंच चित्र आजच्या स्वच्छ पडद्यावर जसेंच्या तसें उमटविलें, कीं पाण्याच्या जागीं खिडकीचे गज दिसतात. एम्युलेटरनें येथें कांहींच चुकविलेलें नसतें. चित्राचा अर्धा भाग तारेंत आणि काचेंत होता, तो तेवढा मागें राहिलेला असतो.

सुधारणेची पहिली पायरी प्रमाणाची आहे, आणि पुष्कळदां तीच चुकते. जुन्या टेलिव्हिजनची रुंदी व उंची यांचें प्रमाण ४ : ३ होतें, आजचें १६ : ९ आहे. खेळ सबंध पडद्यावर ताणून बसविला, तर चेंडू लंबगोल आणि माणसें बुटकीं होतात. दोन्ही बाजूंस काळी पट्टी राहूं देणें हेंच योग्य. शिवाय उंची पूर्ण पटींत वाढवावी. १०८० ओळींच्या पडद्यावर २४० ओळी साडेचार पट करूं गेल्यास कांहीं ओळी जाड व कांहीं बारीक पडतात, आणि चित्र सरकतांना लहरतें. चौपट केल्यास तें स्थिर राहतें.

दुसरा मार्ग बिंदूंचे कोपरे गोल करण्याचा. १९९२ च्या सुमारास लूकासआर्ट्स कंपनींतील एरिक जॉन्स्टन यांनीं तेथील खेळ मॅकिंटॉश संगणकाच्या सुमारें दुप्पट बारीक पडद्यावर नेतांना एक युक्ति योजिली. बिंदूचे शेजारी तपासावयाचे, आणि लगतचे दोन शेजारी एकरंगी असतील तर त्या बाजूचा कोपरा त्यांच्या रंगानें भरावयाचा. मॅक्सिम स्टेपिन यांची २००३ सालची ‘एचक्यू-टू-एक्स’ ही रीत याच जातीची, पण अधिक चिकित्सक आहे. अशा रीतींनीं अक्षरें आणि ठळक बाह्यरेषा खरोखरच रेखीव होतात. पण डोळ्यांतील बाहुली आणि कोटावरील डाग यांतील फरक गणिताला कळत नाहीं. एका बिंदूनें दाखविलेला डोळा गालांत वितळतो. विटांची भिंत मेणाची दिसूं लागते.

तिसरा मार्ग उलट दिशेनें जातो. त्यांत जुन्या काचेचेंच सोंग आणलें जातें. ओळींची चमक, फटींचा अंधार, तांबड्या-हिरव्या-निळ्या कणांची जाळी हीं सर्व ‘शेडर’ नांवाच्या आज्ञावलीनें चित्रावर चढवितात. फोर-के पडद्यावर प्रत्येक ओळीला ९ ओळींची जागा मिळत असल्यामुळें हें सोंग चांगलें वठतें. तारेंतील मिश्रणाचीहि नक्कल केली, तर धबधबा पुन्हा वाहूं लागतो. चित्र थोडें काळवंडतें, म्हणून पडद्याचा उजेड वाढवावा लागतो.

सोनी कंपनीच्या १९९४ सालच्या प्लेस्टेशनसारख्या यंत्रांशीं प्रश्नाचें स्वरूप पालटतें. त्रिमित खेळांतील दृश्य आधीं रंगवून ठेवलेलें नसतें. त्रिकोणांच्या मांडणीवरून तें क्षणोक्षणीं गणितानें काढलें जातें. म्हणून एम्युलेटर तेंच गणित चौपट किंवा आठपट बारकाईनें करूं शकतो, आणि त्यांतून मिळणारी स्पष्टता खरी असते. त्या यंत्रांत त्रिकोणांचे कोपरे पूर्णांकांवरच बसत, त्यामुळें भिंती थरथरत. अंतराचा हिशेब न करतां नक्षी चिकटविली जाई, त्यामुळें फरशी वांकडी दिसे. हे दोन्ही दोष आतां बव्हंशीं घालवितां येतात. तरी ‘रेसिडेंट ईव्हिल’ (१९९६) किंवा ‘फायनल फँटसी ७’ (१९९७) यांसारख्या खेळांत मागील देखावे तयार चित्रांचे आहेत. तीं चित्रें गणितानें वाढत नाहींत. मग पात्रें धारदार आणि घर धुरकट, असा विजोड संसार होतो.

तात्पर्य, प्रमाण सर्वत्र सांभाळावें, सपाट चित्राच्या खेळांना त्यांची काच परत द्यावी, आणि त्रिमित खेळांना बेताची बारकाई द्यावी. त्या नळ्या बनविणें मोठ्या कारखान्यांनीं केव्हांच थांबविलें आहे, आणि उरलेले संच झिजत चालले आहेत. त्यामुळें उद्यांच्या मुलांना हे खेळ कसे दिसतील, हें आजच्या मांडणीवर अवलंबून राहील. धबधब्याच्या जागीं त्यांना गज दाखविले, तर तीं जुन्या चित्रकारांना अडाणी ठरवितील, आणि तो निकाल अन्यायाचा होईल. मोजक्या रंगांत व मोजक्या बिंदूंत ज्यांनीं पाणी वाहतें केलें, त्यांचें काम ज्या प्रकाशासाठीं झालें त्याच प्रकाशांत तें दाखविणें, ही त्याची खरी सुधारणा होय.