पाककृतीची सुरुवात तांदळाच्या नावाने

मी नाशिकच्या द्वारका भागातून आले आहे. मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुण्याकडे जाणारा रस्ता जिथे मिळतात, तो आमचा चौक. त्या महामार्गाने मुंबईच्या दिशेने निघालं की घोटी लागतं. घोटी-इगतपुरी हा आमच्या जिल्ह्यातला भाताचा पट्टा. तिथे पाऊस धो धो पडतो, उतारावर खाचरं आहेत आणि गावात भाताच्या गिरण्या आहेत. नाशिक म्हटलं की द्राक्षं आणि कांदा आठवतो, पण गणपती जवळ आले की आमच्याकडे चौकशी सुरू होते ती घोटीच्या तांदळाची.

आज बोलायचं आहे ते तांदळाच्या वाफवलेल्या गोडावर. आपला उकडीचा मोदक एका बाजूला आणि चिनी नववर्षाला इथे सिंगापुरात दुकानोदुकानी दिसणारा तपकिरी, तकाकीदार निएन गाओ दुसऱ्या बाजूला. दोन्हींत तांदळाचं पीठ, गोड आणि वाफ. दोन्ही देवापुढे ठेवायचे. चिनी घरांत चुलीचा देव वर्षाअखेरीस स्वर्गात जाऊन घरादाराची खबर देतो अशी श्रद्धा आहे. त्याच्या तोंडून वावगं काही निघू नये म्हणून त्याला चिकट गोड दाखवतात. इतकं साम्य असूनही मोदकाच्या पिठाचा निएन गाओ होत नाही आणि निएन गाओच्या पिठाचा मोदक उभा राहत नाही.

याचं कारण दाण्यात आहे. तांदळाच्या स्टार्चमध्ये दोन घटक असतात. अमायलोज सरळ साखळीचं, अमायलोपेक्टिन फांद्याफांद्यांचं. मोकळा शिजणाऱ्या तांदळात अमायलोज जास्त असतं. चिनी चिकट तांदळात ते जवळपास नसतंच. त्यामुळे तो शिजला की दाणे एकमेकांत मिसळून जातात. गव्हाच्या कणकेला ताण देणारं ग्लूटेन मात्र या तांदळात अजिबात नाही. सगळा चिकटपणा स्टार्चचा. तो किती पक्का असतो याची साक्ष चीनमधल्या जुन्या तटबंद्या देतात. मिंग काळातल्या बांधकामात चुन्याच्या गिलाव्यात चिकट तांदळाची पेज घालत असत. आपल्या देशालाही हा तांदूळ परका नाही. आसामात पिठा या पक्वान्नाला बोरा तांदूळ लागतो, मणिपुरात काळ्या चाक-हाओची खीर होते.

महाराष्ट्राने मधली वाट धरली. आंबेमोहोर मऊ आणि चिकटसर शिजतो, पण दाणा हरवत नाही. आंबेमोहोर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून आलेला इंद्रायणी आज मावळापासून इगतपुरीपर्यंत पसरला आहे. मोदकाला असाच तांदूळ हवा, आणि शक्यतो नवा. तांदूळ धुऊन, सावलीत कापडावर वाळवून बारीक दळलेली पिठी घ्यायची. एक वाटी पाण्याला मीठ आणि चमचाभर तूप घालून उकळी आणायची, वाटीभर पिठी एकदम ओतून ढवळायचं, झाकून वाफ काढायची आणि हाताला चटका बसत असतानाच तेल-पाण्याचा हात लावून मळायचं. उकळत्या पाण्यात स्टार्चचे कण फुगतात, फुटतात आणि पिठाला धरून ठेवतात. म्हणून पारी पातळ होते, कळ्या पडतात. गार पाण्यात हीच पिठी भिजवलीत तर वळताना चिरा पडतील.

आता निएन गाओकडे या. इथे क्रम नेमका उलटा आहे. पाव किलो चिकट तांदळाचं पीठ, दोनशे ग्रॅम गूळ आणि साधारण तेवढंच पाणी घ्या. चीनमध्ये वड्यांची तपकिरी साखर वापरतात, पण आपला गूळ त्यात छान बसतो. गूळ गरम पाण्यात विरघळवून गाळा आणि कोमट होऊ द्या. उकळतं पाणी इथे चालत नाही. ते पिठावर पडलं की वरचा थर तिथेच शिजतो, आत कोरडं पीठ राहतं आणि गुठळ्या होतात. कोमट पाक थोडा थोडा घालत सरसरीत मिश्रण करा, अर्धा तास ठेवा. डब्याला तेल लावून केळीचं पान बसवा, मिश्रण ओता, आणि मोदकपात्रात किंवा मोठ्या पातेल्यात चाळणीवर तासभर वाफवा. झाकणाला कापड बांधा, नाहीतर वाफेचं पाणी ठिबकून वर खड्डे पडतात. मध्येच पाणी घालावं लागलं तर ते उकळतंच घाला. रंग सगळीकडे सारखा गडद झाला, कुठे पांढरी रेघ उरली नाही, की झालं.

लगेच कापू नका, सुरीला ओढ लागते. रात्रभर निवू द्या, मग सुरीला तेल लावून वड्या पाडा. निवल्यावरची चवही दाण्यावरच ठरते. अमायलोज काही तासांत आखडतं, म्हणून मोदक गरम असतानाच, वर तुपाची धार सोडून खायचा. अमायलोपेक्टिनला घट्ट व्हायला दिवस लागतात, म्हणून निएन गाओ टिकतो. कडक झाला की त्याचे काप अंड्यात बुडवून तळतात.

इथे सिंगापुरात अनेक मराठी घरांत मोदकाच्या पिठीत चमचा-दोन चमचे चिकट पीठ मिसळतात. ते योग्यच आहे, कळ्या तुटत नाहीत. त्याहून जास्त घातलंत तर मात्र मोदक पात्रातच बसतो. दोन परंपरांची अशी भेट परदेशातल्या स्वयंपाकघरातच होते, आणि ती नोंदवून ठेवण्याजोगी आहे.

म्हणून इथल्या मराठी मंडळाकडे एक मागणं आहे. तुमच्या पाककृतींच्या वहीत 'एक वाटी तांदळाचं पीठ' एवढंच लिहू नका. कोणता तांदूळ, नवा की जुना, पिठी घरची की पाकिटातली, पाणी उकळतं की कोमट, हे लिहा. शेजारच्या चिनी आजींना त्यांच्या पिठाबद्दल विचारा आणि तेही लिहा. घोटीच्या खाचरात पावसात उभं राहून रोपं लावणाऱ्या बाईला आपल्या भाताच्या वाणाचं नाव माहीत असतं. ते नाव ताटापर्यंत पोचवणं आपल्या हातात आहे. त्या नावावाचून पाककृती पुढच्या पिढीच्या हाती अर्धीच पडते.