अर्धं उपकरण शाईत



इंकजेट यंत्राने कागदावर अक्षरं उमटतात, तशाच प्लास्टिकच्या फिल्मवर वीज वाहून नेणाऱ्या चांदीच्या रेषाही छापता येतात. अशा छपाईची चर्चा निघाली की सगळी वाहवा पदार्थाच्या वाट्याला येते, मग ते चांदीचे नॅनोकण असोत वा ग्राफीन. शाई म्हणजे तो पदार्थ वाहून नेणारा हमाल, एवढीच तिची किंमत. माझं म्हणणं असं, की छापलेलं उपकरण कसं निघणार याचा निम्मा निकाल शाई कालवतानाच लागलेला असतो.

चांदीचंच घ्या. नोझलचं भोक साधारण 20 ते 50 मायक्रोमीटरचं, आणि कण त्याच्या पन्नासाव्या हिश्शाहून मोठा नसावा असा संकेत आहे. गुठळ्या झाल्या की भोक बुजलंच. म्हणून प्रत्येक कणावर सेंद्रिय रेणूंचं वेष्टण चढवतात. पण बाटलीत ज्याने तारलं, तेच वेष्टण छापल्यावर आडवं येतं. कण एकमेकांना भिडत नाहीत, वीज अडते. मग तापवून वेष्टण घालवायचं आणि कण एकजीव करायचे. अखंड चांदी वितळायला सुमारे 962 अंश सेल्सिअस लागतात; नॅनोकण मात्र 150 ते 200 अंशांच्या आसपासच जुळू लागतात. तेवढ्या उष्णतेतही साधी पॉलिएस्टर फिल्म आक्रसते. पॉलिइमाइड टिकते, पण ती महाग. बाटलीतला टिकाऊपणा वाढवायला वेष्टण घट्ट केलं, तर भट्टीचं तापमान, फिल्म आणि खर्च, तिन्ही बदलतात.

कोणी म्हणेल, थेंब सुटण्याचं गणित तर ठरलेलं आहे. ते जुळवलं की झालं. दाटपणा, पृष्ठताण, घनता आणि नोझलचा व्यास यांतून एक आकडा काढतात, आणि तो 1 ते 10 च्या दरम्यान असावा म्हणतात. 50 मायक्रोमीटरच्या नोझलला निव्वळ पाण्याचा आकडा 60 च्या घरात जातो. पण केंब्रिजच्या संशोधकांनी 2012 मध्ये छापलेल्या ग्राफीनच्या शाईचा आकडा 20 च्या वर होता, तरी ती छापली गेली. शिवाय थेंब पडल्यावर काय होतं, यावर हा आकडा गप्प आहे. शिकागोच्या संशोधकांनी 1997 मध्ये कॉफीच्या डागाचं कोडं उलगडलं. थेंबाची कड जागची हलत नाही, तिथलं द्रावक लवकर उडतं, ती तूट भरायला आतला द्रव कडेकडे धावतो आणि कणही सोबत नेतो. रेषेच्या दोन्ही कडांना बांध, मध्ये रितेपण. पाण्यात थोडं एथिलीन ग्लायकॉल घातलं तर कडेला तेच मागे उरतं, तिथला पृष्ठताण घटतो आणि वरचा प्रवाह मध्याकडे वळतो. मात्र ते उशिरा वाळतं, शाईही दाट करतं. म्हणजे नोझलचा हिशोब पुन्हा मांडायचा.

दुसरा आक्षेप असा, की हे सारं अंदाजाने चाचपडणं आहे. संगणकालाच मिश्रणं शोधू द्या. जरूर द्यावीत. पण कोणतं मिश्रण चांगलं, हे त्याला सांगायला बाटली, नोझल आणि वाळलेली रेषा यांची मोजमापं एकत्र हवीत. छापलेल्या रेषेची वाहकता सांगायची आणि शाईतले घटक व तापवण्याचं तापमान गाळायचं, तर त्या आकड्याची तुलना कोणी कशाशी करायची? म्हणून पदार्थ तयार झाल्यावर शाईवाल्याकडे धाडायची पद्धत सोडून, कणावरचं वेष्टण ठरतं त्याच दिवशी फिल्म आणि भट्टीही ठरायला हवी.