कोंबडी कोठची?

सुरतेहून भुसावळकडे जाणारी आगगाडी महाराष्ट्रात शिरते ती नवापूर स्थानकावर. या स्थानकाचा काही भाग गुजरातेत आणि काही महाराष्ट्रात असल्यामुळे फलाटावर फेऱ्या घालणाऱ्या उतारूस आपण नेमके कोणत्या राज्यात आहोत हे पावलागणिक ठरवावे लागते! तेथून पूर्वेकडे काही स्थानके मागे टाकली म्हणजे त्याच तालुक्यातील खांडबारा लागते. या आदिवासी मुलखात गावठी कोंबडी विकली जाते ती जिवंत. गिऱ्हाईक तिचा तुरा पाहते, डोळे पाहते, पाय बांधलेली कोंबडी हातावर तोलते, आणि ती कोण्या पाड्याची हे विकणारीलाच विचारून घेते. अशा व्यवहारात मालावर मूळ स्थान छापण्याचे कारणच पडत नाही. विकणारी बाईच त्या मालाची चिठ्ठी असते.

शहरातील गृहिणीच्या हाती येतात ते मात्र तुकडे. पिसे नाहीत, तुरा नाही. मग ते मांस कोठले हे सांगणार कोण? अनेक राष्ट्रांनी हे काम कायद्याकडे सोपविले आहे. मांसाच्या वेष्टनावर मूळ देशाचे नाव असलेच पाहिजे, असा हा कायदा. वरवर पाहता त्यात वाद घालण्याजोगे काहीच दिसत नाही. परंतु मांसाच्या मूळ देशावरून राष्ट्राराष्ट्रांत खटले झाले आहेत, आणि त्यांतील एका खटल्याचा मुद्दा नवापूरकरांस त्याच्या कितीतरी आधी अनुभवास आला होता.

नवापूर हे कुक्कुटपालनाचे मोठे केंद्र. तेथील मेलेल्या कोंबड्यांत बर्ड फ्लूचा 'एच-5 एन-1' हा प्रकार असल्याचे भोपाळच्या प्रयोगशाळेतील तपासणीअंती 18 फेब्रुवारी 2006 रोजी जाहीर झाले. भारतातील कोंबड्यांत हा रोग आढळण्याची ती पहिलीच खेप. तीन किलोमीटरांच्या टापूतील कोंबड्या मारून पुरण्यात आल्या, आणि दहा किलोमीटरांपर्यंत देखरेख बसली. खांडबारा या दोन्ही वर्तुळांच्या बाहेर राहिले. माणसांत रोगाचा एकही रुग्ण निष्पन्न झाला नाही. मांस नीट शिजविले असता हा विषाणू टिकत नाही, हेही लोकांस पुनःपुन्हा सांगण्यात आले.

पण सरकारने नकाशावर आखलेले वर्तुळ गिऱ्हाइकाच्या मनात उमटत नाही. देशभर कोंबडीचे भाव कोसळले. रेल्वेनेही आपल्या भोजनातून कोंबडी वगळली. दूर आंध्रात किंवा तमिळनाडूत वाढलेल्या निरोगी कोंबडीवर 'ही नवापूरची नव्हे' असे सांगणारे काहीच लिहिलेले नव्हते, म्हणून खाणाऱ्याच्या लेखी सगळ्याच कोंबड्या नवापूरच्या ठरल्या. चिठ्ठी नसल्याचा दंड शेकडो कोसांवरच्या निरपराध माणसांनी भरला. बरे, चिठ्ठी असती तर? तर सारा भार एका नवापूर तालुक्याच्या माथी आला असता. रोग हटल्यावरही त्या नावाच्या मालास कोणी हात लावला नसता, आणि वर्तुळाबाहेरचे खांडबारे तालुक्याच्या नावापायी त्यातच भरडले गेले असते. 2021 च्या फेब्रुवारीत नवापुरात बर्ड फ्लू पुन्हा आला, तेव्हा हा प्रश्न जेथल्या तेथेच होता.

आता तो खटला. अमेरिकेत कोठेही बर्ड फ्लू आढळला की त्या संबंध देशाची कोंबडी भारताने नाकारावी, असा भारताचा नियम होता. अमेरिकेने 2012 साली जागतिक व्यापार संघटनेकडे दाद मागितली. घरात रोग निघाला तर तुम्ही दहा किलोमीटरांचे वर्तुळ काढता, मग आमच्या एवढ्या मोठ्या देशाचे एकच वर्तुळ का, असा तिच्या तक्रारीचा गाभा. 2015 च्या जूनमध्ये अंतिम निकाल भारताविरुद्ध गेला. भारताच्या भूमिकेविषयी आपुलकी असली तरी हा युक्तिवाद खोडून काढणे कठीण आहे.

त्याच वर्षी अमेरिकेलाही दुसऱ्या खटल्यात मान तुकवावी लागली, ही गंमत. गाय-बैल व डुक्कर यांच्या मांसावर जनावर जन्मले कोठे, वाढले कोठे आणि कापले कोठे हे लिहिण्याची सक्ती तिने केली होती. कॅनडात किंवा मेक्सिकोत जन्मलेले वासरू अमेरिकेत नेऊन पोसले जाते. अशी जनावरे वेगळी ठेवण्याचा खर्च टाळण्यासाठी अमेरिकन खाटिकखाने ती घेईनासे झाले. दोन्ही शेजाऱ्यांनी खटला जिंकला, वर्षाकाठी सुमारे 100 कोटी डॉलरांच्या जकातीचा प्रतिटोला देण्याची परवानगी मिळविली, आणि 2015 च्या डिसेंबरात ती सक्ती रद्द झाली. कोंबडी, मेंढी व बकरी यांच्या मांसावर मात्र ती तशीच राहिली. युरोपात गाईंच्या मेंदूच्या रोगाने हाहाकार उडविला होता. तेथे गोमांसामागोमाग 2015 पासून ताज्या कोंबडीवरही ती कोठे वाढली व कोठे कापली हे लिहावे लागते.

भारतात बाहेरून आलेल्या खाद्यपदार्थाच्या वेष्टनावर मूळ देश छापणे बंधनकारक आहे. त्यातही एक खोच आहे. पदार्थावर दुसऱ्या देशात त्याचे स्वरूप पालटणारी प्रक्रिया झाली, तर तो दुसरा देशच मूळ देश मानला जातो. देशी मांसाविषयी एवढीही चौकशी नाही. वेष्टनबंद कोंबडीवर उत्पादकाचे नाव, पत्ता आणि परवाना क्रमांक सापडेल. पक्षी कोणत्या गावी वाढला हे सांगण्याचे बंधन नाही.

आपखुशीने गाव सांगणारे मांस एक आहे. खांडबाऱ्यासारखाच भिल्लांचा मुलूख असलेल्या मध्य प्रदेशातील झाबुआच्या कडकनाथ कोंबडीच्या काळ्या मांसास 2018 साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. छत्तीसगडातील दंतेवाड्यानेही त्या नावावर हक्क सांगितला होता. ज्या नवापूरच्या नावाने 2006 साली गिऱ्हाईक पळाले, तेच नाव काही वर्षांनी नवापूरच्या तूरडाळीने भौगोलिक निर्देशांक म्हणून नोंदवून घेतले.