डिस्को आला मांडवात



आज आपल्याशी बोलायचं आहे ते नाचाच्या गाण्यांविषयी. १९८० ते १९९० या दहा वर्षांत ज्या गाण्यांनी लग्नाचे मांडव आणि गणपतीच्या मिरवणुका दणाणून सोडल्या, त्या गाण्यांविषयी. विषय ऐकून एखादे गुरुजी म्हणतील, "अहो, तो धांगडधिंगा! त्यात रेडिओवरून सांगण्यासारखं काय आहे?" पण धांगडधिंग्यालाही इतिहास असतो, आणि या इतिहासानं आपल्यासाठी एक काम शिल्लक ठेवलेलं आहे. ते काम कोणतं, ते ओघानं येईलच.

बदलापूर पूर्वेला खरवई नावाचं गाव आहे. एकेकाळचं भातशेतीचं गाव. आता भोवती कारखाने उभे राहिले, इमारती चढल्या, आणि गाव शहरात मिसळून गेलं. या पट्ट्यात आगरी घरं पुष्कळ. आगऱ्यांकडे लग्न म्हणजे आधी हळद, आणि हळदीच्या रात्री बेंजो हा हवाच. बेंजो वाजू लागला की म्हातारा माणूससुद्धा बसल्या जागी पाऊल हलवतो.

या बेंजोची गंमत पाहा. अमेरिकेत बँजो नावाचं वाद्य आहे, ते हे नव्हे. आपला बेंजो म्हणजे बुलबुलतरंग. लाकडी पेटीवर तारा ताणलेल्या आणि वर टंकलेखन यंत्रासारख्या कळा. एका हातानं कळ दाबायची, दुसऱ्या हातातल्या नखीनं तार छेडायची. १९१२ साली जपानातल्या नागोया शहरी मोरिता गोरो या गृहस्थानं हे वाद्य घडवलं. तिकडे त्याला ताइशोगोतो म्हणतात. ते समुद्र ओलांडून इकडे आलं, पुढे त्याला वीज जोडली गेली, आणि ठाणे-रायगडच्या आगरी-कोळ्यांनी ते असं आपलं करून घेतलं की आज त्याला परकं म्हणायची कुणाची छाती होणार नाही.

जे वाद्याचं, तेच गाण्याचं. १९८० साली 'कुर्बानी' नावाचा हिंदी चित्रपट आला. त्यातलं एक गाणं कराचीत जन्मलेल्या आणि लंडनमध्ये शिकणाऱ्या नाझिया हसन या मुलीनं गायलं. वय अवघं पंधरा. संगीत बिड्डू यांचं. त्या गाण्याबद्दल तिला फिल्मफेअरचं पारितोषिक मिळालं. मग १९८२ साली बप्पी लाहिरींच्या संगीताचा 'डिस्को डान्सर' आला आणि तो थेट रशियापर्यंत गाजला. मराठी चित्रपटही मागं राहिला नाही. १९८७ सालच्या 'गंमत जंमत'मध्ये अरुण पौडवाल यांच्या चालीवर साक्षात किशोरकुमार मराठीत गायले आणि महाराष्ट्रातली पोरं त्या गाण्यावर नाचली.

डिस्कोचा ठेका ओळखायला सोपा आहे. एक, दोन, तीन, चार. आणि चारही ठोक्यांवर मोठा ढोल सारख्याच जोरानं पडतो, चालत्या माणसाच्या पावलासारखा. आपला कोळी-आगरी ठेका सहा मात्रांचा, दादऱ्याच्या अंगानं जाणारा. त्यात पाऊल होडीसारखं झुलतं. शिक्षकांनी वर्गात हे दोन्ही ठेके मुलांकडून टाळीनं वाजवून घ्यावेत. फरक पाच मिनिटांत कळतो. बेंजोवाल्यांनी काय केलं? सिनेमाची चाल उचलली आणि आपल्या झुलत्या ठेक्यात नेऊन बसवली. चाल मुंबईच्या स्टुडिओतली, पण पाऊल गावचं!

आता प्रश्न असा, की ही चाल गावात इतक्या झपाट्यानं पोहोचली कशी? तर कॅसेटमुळे. फिलिप्स कंपनीनं १९६३ साली कॅसेट काढली. आपल्याकडे तिचा खरा सुळसुळाट झाला तो १९८० नंतर. तोवर गाणं म्हणजे तबकडी. ती दाबण्याचा कारखाना कलकत्त्याजवळ दमदमला, आणि कोणाचं गाणं दाबायचं ते ठरवणार मोठी कंपनी. कॅसेटनं ही मक्तेदारी मोडली. लहानसा कारखानदारही कॅसेटी काढू लागला. दिल्लीच्या दर्यागंजात फळांच्या रसाचं दुकान चालवणाऱ्या घरातले गुलशनकुमार याच धंद्यात देशभर नावारूपाला आले. नकलाही अमाप निघाल्या. आमच्या शेजारच्या उल्हासनगरविषयी तर लोक थट्टेनं म्हणत, की तिथल्या मालावर 'मेड इन यू.एस.ए.' लिहिलेलं खोटं नव्हे. त्याचा अर्थ उल्हासनगर सिंधी असोसिएशन!

पण या स्वस्त कॅसेटनं एक मोलाचं काम केलं. कोळीगीतं, भीमगीतं, भजनं, पोवाडे यांना तिनं दार उघडलं. प्रल्हाद शिंदे यांचा खडा आवाज चहाच्या टपरीपासून देवळाच्या कर्ण्यापर्यंत पोहोचला. त्यांचे चिरंजीव आनंद शिंदे यांचं पोपटाचं गाणं तर ऐकलं नाही असा माणूस महाराष्ट्रात सापडायचा नाही. म्हणजे पाहा, ज्या यंत्रानं बाहेरचं गाणं गावात आणलं, त्याच यंत्रानं आपल्या माणसांचं गाणं गावाबाहेर नेलं. यंत्राला आपपर नसतो. त्याच्यापुढे जो गाईल, त्याचं गाणं ते जपून ठेवतं.

याचा एक दाखला देतो. चरणजित सिंग नावाचे एक वादक मुंबईच्या चित्रपटसंगीतात वाजवीत. १९८२ साली त्यांनी जपानी बनावटीची नवी विजेची वाद्यं घेतली आणि दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवून त्यांची तबकडी काढली. त्या वेळी तिच्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, तसं झालं. पुढे एका डच संग्राहकाच्या हाती ती लागली, २०१० साली पुन्हा प्रसिद्ध झाली, आणि जगभरचे जाणकार चकित झाले. कारण तशा तऱ्हेचं संगीत अमेरिकेतल्या शिकागोत काही वर्षांनी जन्मलं होतं! अठ्ठावीस वर्षांनी का होईना, त्यांचं चीज झालं. का झालं? तर ते तबकडीवर उतरलेलं होतं म्हणून.

आणि जे उतरलं नाही, त्याचं काय? आता आपण मूळ मुद्द्याशी आलो.

त्याच हळदीच्या मांडवात बेंजोच्या आधीपासून एक गाणं आहे. धवलारीण बाई विधी चालवते आणि एकेका विधीचा धवला गाते. हे गाणं लहानसहान नव्हे. तेराव्या शतकात महानुभाव पंथातल्या महदाइसेनं श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचे 'धवळे' रचले, आणि मराठीतली आद्य कवयित्री म्हणून आपण तिला मान देतो. पुस्तकातला धवळा आगरी बोलीत धवला झाला, एवढंच. सातशे वर्षांहून जुना हा गाण्याचा प्रकार बायकांच्या कंठात आजवर जगला. पण कर्ण्यापुढे एका बाईचा आवाज कितीसा टिकणार? कॅसेटवाल्यालाही त्यात नाचाचा माल दिसला नाही. डिस्कोनं धवला मारला असं मी म्हणणार नाही. नाचणाऱ्यांनी नाचावं. उणीव राहिली ती एवढीच, की नाचाचं सगळं ध्वनिमुद्रित झालं आणि विधीचं बरंचसं राहून गेलं. धवला येणाऱ्या बाया आता वयानं थकल्या आहेत.

तेव्हा शिक्षक बंधुभगिनींनो, हे काम तुमचं आणि तुमच्या मुलांचं. आज घरोघरी मोबाइल आहे, म्हणजे ध्वनिमुद्रणाचं यंत्र खिशातच आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा कशाला? मुलांना सांगा, आजीपाशी बसा, तिची परवानगी घ्या, पंखा आणि टीव्ही बंद करा, आणि तिला गाऊ द्या. गाणं कोणत्या विधीचं, तिनं ते कुणाकडून घेतलं, गाव कोणतं, तारीख काय, हे वहीत टिपा. शब्द जसा उच्चारला तसाच लिहा. आगरी शब्द पुस्तकी करून त्याचा जीव घेऊ नका.

दुसरं, माळ्यावरच्या जुन्या कॅसेटी फेकू नका. कुणी हौसेनं घरच्या लग्नात ध्वनिमुद्रण केलेलं असतं. साठ मिनिटांच्या कॅसेटीत सुमारे नव्वद मीटर फीत असते, आणि आपल्या दमट हवेत तिला बुरशी लागते. लावण्यापूर्वी कॅसेटीच्या मागच्या दोन लहान जिभल्या मोडून टाका, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरं काही भरलं जाणार नाही. फीत सैल वाटली तर पेन्सिल घालून हलक्या हातानं गुंडाळा. बुरशी दिसली तर वाजवू नका. जाणत्याकडून साफ करून घ्या. मग ती एकदा वाजवून मोबाइलवर उतरवून ठेवा.

येत्या लग्नसराईत बेंजो वाजेलच, आणि वाजावाच. त्याआधी घटकाभर कर्णा बंद ठेवा आणि धवलारणीला मांडवाच्या मधोमध बसवा. एका गावानं दहा धवले जपले, तरी पुढच्या पिढीला ते गाता येतील. मनात आलं तर बेंजोवर वाजवताही येतील!