बादलीच्या खेपा आणि रेडिओची चाळण

श्रोतेहो, आपल्याच जिल्ह्यात, खोडदच्या परिसरात, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आकाशातील क्षीण रेडिओलहरी टिपतात. मोबाइलचा गोंगाट गाळला नाही, तर तारे आपल्याला मुकेच राहतील. लहरी गाळण्याच्या अनेक रीतींपैकी एक आज पाहू.

केंदूरच्या विहिरीवरील मोटारीचा कंडेन्सर आपण पाहिला असेल. ती विजेची बादलीच होय. चिपवरचा असा इवला कंडेन्सर एक स्विच भरतो, दुसरा रिता करतो. सेकंदाला हजारो वेळा. खेपा वाढल्या की वीज अधिक वाहते. म्हणजे रोधकाचे काम बादलीच करते!

खेपांचा ठेका दुप्पट करा, चाळण दुप्पट कंपनसंख्येवर सरकते. पथ्य एकच: ठेका लहरीच्या दुपटीहून जलद हवा, नाहीतर परकी लहर आपलीच म्हणून आत शिरते. शिक्षकहो, दोन घागरी नि एक वाटी घेऊन खेपांचे हे गणित वर्गात दाखवून पाहा.